थाई कालवणाचा स्वाद : परसातील कंद, पाला व मुळे

थायलंड देशातील रस्सेदार कालवणे आज जगातील पुष्कळ मोठ्या शहरांत आवडीने खाल्ली जातात. मुंबई, पुणे व गोवा येथील उपाहारगृहांतही ती मिळतात. या कालवणांत पडणाऱ्या जिनसांची यादी कोकणातील गृहिणीपुढे ठेवली, तर तीत तिला परके असे फारच थोडे आढळेल. मिरची, लसूण, लहान लाल कांदे, धने, जिरे, मिरे, हळद, चिंच, नारळ, सुकविलेला जवळा या साऱ्या वस्तू तिच्या नित्य परिचयाच्या आहेत. तरीही थाई कालवणाचा वास दरवळला की तो आपल्या कालवणाचा नव्हे हे कोणालाही तत्काळ कळते. एवढा फरक कशामुळे पडतो, हे समजून घेणे केवळ खाणाऱ्याच्या नव्हे, तर पिकविणाऱ्याच्याही हिताचे आहे. कारण या फरकाचे मूळ चुलीपेक्षा शेतातच अधिक आहे. वनस्पतीचा कोणता भाग घ्यावा, तो कोणत्या वयाचा असावा आणि काढल्यापासून किती वेळात वापरावा, या तीन गोष्टींवर थाई कालवणाचा स्वाद अवलंबून असतो, आणि या तिन्ही गोष्टी शेतकऱ्याच्या हातच्या आहेत.

थाई भाषेत अशा कालवणाला ‘केंग’ म्हणतात. हिरवे, तांबडे, पिवळे असे त्याचे प्रकार आहेत. त्यांपैकी बहुतेकांत नारळाचे दूध असते. परंतु ‘केंग पा’ म्हणजे रानातले कालवण आणि ‘केंग सोम’ म्हणजे आंबट कालवण हे नारळाच्या दुधाशिवाय केले जातात. यावरून नारळ हा या स्वादाचा आधार असला तरी त्याचे मूळ नव्हे, हे दिसून येते. त्याचे मूळ वाटणात आहे.

ओल्या वाटणाचा पाया

महाराष्ट्रात उन्हाळ्यात मिरच्या व मसाल्याचे पदार्थ वाळवून, भाजून व कुटून वर्षाचा मसाला डब्यात भरून ठेवण्याची चाल आहे. काळा मसाला काय किंवा मालवणी मसाला काय, दोन्ही कोरड्या जिनसांचेच आहेत. कोरडा मसाला टिकतो, दूरवर पाठविता येतो व भाव येईपर्यंत घरात ठेवता येतो. थाई वाटणातही कोरडे जिन्नस असतात, पण त्यांचे प्रमाण बेताचे असते. त्याचा मुख्य भाग ओला असतो. जमिनीतून काढलेला कंद, गवताचे खोड, लिंबाची साल, कोथिंबिरीचे मूळ, लसूण व कांदा ही सर्व ताजी व रसरशीत असावी लागतात.

याचे कारण सोपे आहे. वनस्पतींचा सुवास त्यांच्या पेशींत साठलेल्या सुगंधी तेलांमुळे येतो. ही तेले उडून जाणारी असतात. धने, जिरे यांसारख्या बियांत कठीण कवचामुळे ती बराच काळ टिकून राहतात. पाने व कोवळी खोडे यांत मात्र पेशी चिरडली की तेल बाहेर येते आणि ऊन, वारा व वेळ यांमुळे नाहीसे होऊ लागते. सबब, ओल्या वाटणाचा स्वाद हा वेळेशी बांधलेला असतो. थायलंडच्या खेड्यांत घराभोवती अशा वनस्पतींची परसबाग राखण्याची जुनी रीत आहे, ती या कारणामुळेच.

गवती चहाचे खोड

या वाटणातील पहिली वनस्पती महाराष्ट्रात घरोघरी माहीत आहे. ती म्हणजे गवती चहा. आपल्याकडे न्हाणीच्या सांडपाण्याजवळ त्याचे एखादे बेट असतेच. चहात घालावयाची असेल तेव्हा वरची हिरवी पात कापून आणतात व खालचा भाग तसाच राहू देतात. थायलंडात याच्या नेमके उलट घडते. तेथे त्याला ‘तक्राय’ म्हणतात, आणि पात टाकून देऊन मुळाजवळचे पांढरट, फुगीर खोड घेतात. बाहेरची राठ आवरणे काढून आतला मऊ भाग अगदी बारीक चकत्या करून कुटला जातो. लिंबासारखा वास देणारे सिट्रल नावाचे द्रव्य या गवताच्या तेलात मोठ्या प्रमाणात असते. त्यामुळे आंबटपणा न आणता लिंबाचा गंध मिळतो.

यातून लागवडीचा एक मुद्दा निघतो. गवती चहाच्या दोन जाती शेतात आढळतात. एक तेल काढण्यासाठी लावतात. तिची पात पुष्कळ, पण खोड बारीक असते. दुसरी स्वयंपाकाची, तिचे खोड बुंध्याशी जाड होते. खोडासाठी विक्री करावयाची असल्यास दुसरीच निवडावी लागते. याशिवाय गवती चहासारखेच दिसणारे, बुंध्याशी तांबूस असणारे सिट्रोनेला गवतही असते. थायलंडात ते डास पळविण्यासाठी वापरतात, कालवणात घालीत नाहीत. ठोंब आणताना पात चुरगळून वास घ्यावा व खोडाचा रंग पाहावा, म्हणजे फसगत होणार नाही.

गवती चहाची लागवड जुन्या बेटातील ठोंब फोडून करतात. दोन ते तीन फुटांवर ठोंब लावल्यास बेट पसरण्यास जागा मिळते. पाण्याचा निचरा चांगला हवा. खोड घ्यावयाचे असल्याने काढणी जमिनीलगत, शक्य तर मुळासकट करावी, आणि कडेचे जाड फुटवे काढून मधले राखावेत. दर काही वर्षांनी बेट उपसून नवीन जागी लावल्याने खोड पुन्हा जाड येऊ लागते.

कोळिंजन व त्याचे भाऊबंद

दुसरी महत्त्वाची वस्तू म्हणजे ‘खा’ नावाचा कंद. तो आल्याच्याच कुळातील आहे. मराठीत यास कोळिंजन किंवा कुलिंजन म्हणतात, आणि त्याचे वाळलेले तुकडे काष्ठौषधींच्या दुकानात मिळतात. घसा बसल्यावर तोंडात धरण्याचे औषध म्हणून ते पुष्कळांना ठाऊक आहे. थायलंडात मात्र ते औषधाबरोबरच रोजच्या खाण्याचे आहे, आणि वाळलेले नव्हे, तर ओलेच वापरतात. त्याचा वास तीव्र असून त्यात कापूर व देवदाराच्या लाकडाची आठवण देणारी छटा असते. आले घालून ही उणीव भरून निघत नाही. आल्याचा तिखटपणा निराळा व वासही निराळा.

कोळिंजनाच्या बाबतीत कंदाचे वय फार महत्त्वाचे असते. काही महिन्यांचा कोवळा कंद गुलाबी छटेचा, मऊ व सौम्य असतो. तो नारळाच्या दुधातील सारात चकत्या करून घालतात. वर्षाच्या आसपासचा जून कंद राठ व तिखट असतो. तो वाटणासाठी घेतात. एकाच वाफ्यातून दोन वेळा, दोन प्रकारच्या गिऱ्हाइकांसाठी माल निघू शकतो, ही यातील सोय आहे. झाडाची उंची माणसाएवढी होते, व ते अर्धवट सावलीतही वाढते. म्हणून नारळी-पोफळीच्या बागेत त्यास जागा देता येते. पाणी साचून राहिले तर मात्र आले व हळद यांप्रमाणेच याचेही कंद कुजतात.

याच कुळातील ‘क्राचाय’ हा बोटांसारख्या लांबट मुळ्यांचा कंद रानातल्या कालवणात व मासळीत घालतात. मासळीचा हिंवस वास तो दडपून टाकतो. दक्षिण थायलंडातील कालवणांत ओली हळद मोठ्या प्रमाणात असते. तेथील ‘केंग सोम’चा पिवळा रंग तिचाच.

मक्रूत लिंबाची पाने व साल

ज्या वासाने थाई कालवण डोळे मिटूनही ओळखता येते, तो वास मक्रूत लिंबाचा होय. हे लिंबू हिरवे, खडबडीत व गाठीगाठींचे असते. याचा रस थोडा निघतो व स्वयंपाकात क्वचितच लागतो. महत्त्व असते ते सालीला आणि पानांना. सालीचा केवळ वरचा हिरवा पापुद्रा किसून वाटणात घालतात. खालचा पांढरा भाग आल्यास वाटण कडू होते. पाने शिजत्या कालवणात फाडून टाकतात, किंवा मधली शीर काढून केसासारखी बारीक चिरून वरून पेरतात.

या झाडाचे पान ओळखणे सोपे आहे. पानाचा देठ पानाइतकाच रुंद पसरलेला असतो. त्यामुळे एकापुढे एक अशी दोन पाने जोडल्यासारखी दिसतात. साध्या लिंबाची किंवा ईडलिंबाची पाने त्याऐवजी चालत नाहीत, कारण त्यांच्या तेलाची घडण निराळी असते.

थायलंडात गुटी बांधून किंवा डोळा भरून याची रोपे करतात. केवळ पाल्यासाठी लागवड असेल तेव्हा झाडे जवळजवळ लावून छाटणीने बुटकी ठेवतात. लिंबू वर्गातील सर्व झाडांप्रमाणे यासही खैऱ्या रोग, नागअळी व सिट्रस सायला यांचा उपद्रव होतो. नागपूरकडील संत्रा बागाईतदारांना ही नावे चांगलीच ठाऊक आहेत. रोग पसरण्याच्या धास्तीने अनेक देशांनी लिंबू वर्गाच्या ताज्या पानांच्या आयातीवर निर्बंध घातले आहेत. भारतातही परदेशातून रोपे वा कलमकाड्या आणण्यास वनस्पती संगरोध आदेश, २००३ अन्वये परवाना लागतो. प्रवासाहून परतताना पिशवीतून एखादी काडी आणणे हा निरुपद्रवी छंद नव्हे. एका काडीबरोबर आलेली कीड शेजारच्या साऱ्या बागेला भोवू शकते. रोप हवे असल्यास परवानाधारक रोपवाटिकेतूनच घ्यावे.

तीन प्रकारच्या तुळशी

तुळशीच्या जातीची तीन झाडे थाई स्वयंपाकात निरनिराळ्या कामी येतात. पहिली ‘होरफा’. तिची खोडे जांभळट, पाने गुळगुळीत व वास बडीशेपेसारखा गोडसर असतो. हिरव्या व तांबड्या कालवणात हीच पाने शेवटी घालतात. ही आपल्याकडील सब्जाच्याच जातीची आहे. दुसरी ‘क्रफाव’, म्हणजे आपल्या अंगणातील वृंदावनात असते तीच तुळस. तिचा वास लवंगेकडे झुकतो व चवीला ती तिखट असते. महाराष्ट्रात ती पूजेची व औषधाची. थायलंडात ती मांसाबरोबर मोठ्या विस्तवावर परततात व रानातल्या कालवणातही घालतात. तिसरी ‘मेंगलक’. तिच्या पानांना लिंबाचा वास असतो, आणि बी पाण्यात टाकल्यास सब्जाप्रमाणे फुगते.

तिन्ही तुळशींचा नियम एकच. पाने भांडे उतरविण्याच्या वेळी घालावीत. अधिक शिजल्यास वास उडतो. शेतातला नियमही त्याला जुळणारा आहे. तुरे येण्यापूर्वी शेंडे खुडावेत. तुरे राहू दिले तर झाडाची शक्ती बियांकडे जाते, पाने लहान होतात व खोड राठ होते. खुडलेल्या शेंड्याखालून नवीन फांद्या फुटतात, त्यामुळे एकाच लागवडीतून अनेक वेळा काढणी होते.

काढल्यानंतर घ्यावयाची एक काळजी पुष्कळांना माहीत नसते. कोथिंबीर थंड जागेत ताजी राहते, म्हणून तुळसही शीतकपाटात ठेवावी असे वाटते. परंतु तापमान १० अंश सेल्सिअसच्या खाली गेले की तुळशीची पाने काळी पडू लागतात. दोन्ही माल एकाच थंड खोलीत ठेवल्यास एकाचे नुकसान ठरलेलेच. तुळस सावलीत, ओलसर कापडाखाली, देठ पाण्यात ठेवून राखावी.

कोथिंबिरीचे मूळ

कोथिंबिरीची जुडी बाजारात मुळांसकट येते; घरी आणल्यावर मुळे प्रथम कापून टाकली जातात. थाई स्वयंपाकात हीच मुळे मोलाची मानतात. मुळांचा वास पाल्यापेक्षा खोल व मातकट असून तो शिजविल्यावरही टिकतो. कोथिंबिरीचे मूळ, लसूण व मिरे एकत्र कुटून केलेल्या वाटणास तेथे ‘साम क्लुअ’, म्हणजे तीन सोबती, असे नाव आहे. पुष्कळ पदार्थांचा आरंभ या तिघांपासून होतो.

शेतकऱ्यासाठी यातील बोध असा, की एका देशात जे केराच्या टोपलीत जाते ते दुसऱ्या देशात मोजून विकले जाते. मुळे हवी असल्यास कोथिंबीर भुसभुशीत जमिनीत पेरावी, उपटण्यापूर्वी पाणी द्यावे म्हणजे मुळे तुटत नाहीत, आणि माती स्वच्छ पाण्याने धुऊन काढावी. गढूळ ओढ्यात किंवा सांडपाण्यात धुतलेला माल खाणाऱ्यास रोग देतो.

मिरची, आणि तिच्या आधीचे मिरे

थाई कालवणाचा तिखटपणा आज मिरचीचा आहे. पण मिरची तेथेही पाहुणीच. ती अमेरिका खंडातून आली. पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा घेतला, १५११ साली मलाक्का घेतले, आणि त्याच वर्षी त्यांचा वकील सयामची राजधानी अयुध्या येथे पोहोचला. भारतात व सयामात मिरची पसरली ती या व्यापाराच्या वाटेने, असे मानले जाते. त्याआधी दोन्हीकडे तिखट म्हणजे मिरेच होते. या बदलाची खूण दोन्ही भाषांत उरली आहे. मराठीत मिऱ्यावरून मिरची हे नाव पडले. थाई भाषेत ‘फ्रिक’ हा शब्द मिऱ्यांचा होता. तो मिरचीला गेला आणि मिऱ्यांना ‘फ्रिक थाई’, म्हणजे थाई मिरची, असे म्हणू लागले.

हिरवे कालवण ओल्या हिरव्या मिरच्यांचे, तर तांबडे कालवण वाळलेल्या लाल मिरच्यांचे. वाळलेल्या मिरच्या बिया काढून पाण्यात भिजवितात व मऊ झाल्यावर कुटतात. त्यामुळे रंग गडद येतो, पण तिखटपणा आटोक्यात राहतो. मिऱ्यांचे ओले हिरवे घोसही रानातल्या कालवणात तसेच टाकतात. कोकणात नारळी-पोफळीवर मिरवेल चढविणाऱ्या बागाईतदारांना मिरी वाळवूनच विकावी लागते असे नाही, हे यावरून ध्यानात येईल.

सुके मसाले व जवळा

कोरड्या मसाल्यांपैकी धने, जिरे व पांढरे मिरे हे नेहमीचे. ते थोडे भाजून पूड करून वाटणात मिसळतात. चंथाबुरी हा प्रांत मिऱ्यांसाठी प्रसिद्ध आहे. वेलदोडे, दालचिनी, लवंग व जायफळ हे ‘मस्समन’ नावाच्या कालवणात प्रामुख्याने पडतात. हे नाव मुसलमान या शब्दावरून आले असून पश्चिमेकडून आलेल्या व्यापाऱ्यांच्या संगतीने हा प्रकार तेथे रुजला. आपल्या मसालेदार रश्शाशी सर्वांत जवळचे नाते याचेच आहे.

वाटणात शेवटी ‘कपी’ पडते. अगदी बारीक कोळंबी मीठ लावून, उन्हात वाळवून, कुटून व आंबवून ती तयार करतात. ही कोळंबी म्हणजे आपल्या किनाऱ्यावरील जवळ्याच्याच जातीची आहे. जवळा आपण नुसता सुकवितो. तेथे तो आंबवून त्याचा लगदा करतात. त्यामुळे वाटणाला खारटपणा व भरदारपणा येतो.

कुटण्याचा क्रम व नारळाचे दूध

वाटण दगडी उखळात मुसळाने कुटतात. प्रथम मिरच्या व मीठ. मीठ खरखरीत असल्याने कुटण्यास मदत होते. नंतर गवती चहा, कोळिंजन, मक्रूताची साल व कोथिंबिरीची मुळे हे राठ जिन्नस. त्यानंतर लसूण व कांदा हे पाणीदार जिन्नस. आणि अखेरीस कपी. पाणीदार जिन्नस आधी घातले तर मुसळ घसरते व धागे तुटत नाहीत. धागे चिरडल्याखेरीज त्यांतील तेल सुटत नाही, हे या क्रमामागचे कारण आहे.

नंतर नारळाचे जाड दूध मंद विस्तवावर तेल सुटेपर्यंत आटवितात आणि त्या तेलात वाटण परततात. सुगंधी द्रव्ये पाण्यापेक्षा तेलात सहज उतरतात. म्हणून आधी तेल, मग वाटण आणि शेवटी पातळ दूध, असा क्रम ठेवतात. घाईने सारे एकदम उकळले तर तेच जिन्नस असूनही कालवण कच्चे व बेचव लागते.

पिकविणाऱ्यांचा प्रदेश

बँकॉकच्या पश्चिमेस नखोन पथोम व राचबुरी हे प्रांत भाजीपाला व अशा स्वादवनस्पतींच्या शेतीसाठी नावाजलेले आहेत. हा भाग सखल व पाणथळ. तेथील शेतकऱ्यांनी चर खणून त्या मातीचे उंच, रुंद वाफे केले आहेत. पिके वाफ्यावर उभी असतात आणि मधल्या चरांत पाणी खेळते. लहान होडी चरातून ढकलीत नेऊन तिच्यावरील पंपाने दोन्ही बाजूंना पाणी शिंपले जाते. पावसाळ्यात चर निचऱ्याचे काम करतात, कोरड्या दिवसांत पाणी साठवितात. या भागातील दम्नोएन सदुआक कालवा १८६८ साली पूर्ण झाला, आणि त्याच्या काठाने बागाईत वाढली. ईशान्येकडील सिसाकेत प्रांत लहान लाल कांदे व लसूण यांसाठी प्रसिद्ध आहे.

बाजारात गवती चहाचे खोड, कोळिंजनाचे तुकडे व मक्रूताची पाने यांच्या एकत्र बांधलेल्या जुड्या मिळतात. एका वेळच्या सारासाठी लागेल तेवढेच साहित्य एका जुडीत असते. तीन शेतांतला माल एका गिऱ्हाइकाच्या सोयीने बांधणे, ही साधी युक्ती अनुकरणीय आहे. याच तीन वनस्पतींवर आधारलेल्या ‘तोम यम कुंग’ या कोळंबीच्या साराची २०२४ साली युनेस्कोने मानवाच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद केली.

२०११ सालचा धडा

परदेशांत थाई उपाहारगृहे वाढली तशी ताज्या पाल्याची मागणीही वाढली. थायलंड सरकारने २००४ हे वर्ष अन्नसुरक्षेचे वर्ष म्हणून पाळले, आणि उत्तम कृषी पद्धतींनी पिकविलेल्या मालास ‘क्यू’ अक्षराचे चिन्ह देण्याची योजना चालविली. तरीही युरोपात पोहोचलेल्या पाल्यात किडी व कीटकनाशकांचे अंश वारंवार आढळू लागले. पांढरी माशी, फुलकिडे, नागअळी व फळमाशी या त्या किडी होत. अखेर २०११ च्या आरंभी युरोपीय संघाची बंदी येण्याची चिन्हे दिसताच थायलंडने तुळशी, मिरची, कारले, वांगी इत्यादी गटांतील १६ प्रकारच्या मालाची युरोपात होणारी निर्यात स्वतःहून थांबविली. पुढे नोंदणी व तपासणी झालेल्या केंद्रांतूनच माल पाठविण्याची कडक व्यवस्था करावी लागली.

या घटनेत शेतकऱ्याची अडचण नीट समजून घेतली पाहिजे. पाल्यावर एक जरी किडा दिसला तर माल परत येतो. किडा दिसू नये म्हणून वारंवार फवारणी केली तर विषाचा अंश राहतो व माल पुन्हा परत येतो. धान्य सडले व कांडले जाते, केळ्याची साल काढली जाते. पण पाला जसाच्या तसा पोटात जातो. म्हणून दोन्ही दोष टाळल्याखेरीज सुटका नाही. थायलंडने १ जून २०२० पासून पॅराक्वाट व क्लोरपायरीफॉस या दोन विषारी औषधांवर बंदी घातली, तिच्यामागेही आरोग्याचीच चिंता होती.

महाराष्ट्राला हा अनुभव परका नाही. १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने भारतातील आंबा, वांगी, कारली, पडवळ व अळू यांवर बंदी घातली. फळमाशी व इतर किडी हेच तिचे कारण होते. ऐन हंगामात कोकणच्या हापूसला त्याची झळ बसली. तपासणी व प्रक्रियेची व्यवस्था सुधारल्यावर २०१५ च्या आरंभी आंब्यावरील बंदी उठली. काही पेट्यांतील किडीचा भुर्दंड साऱ्या बागाईतदारांनी सोसला. सिसाकेत असो वा सिंधुदुर्ग, एका शेताच्या हलगर्जीची शिक्षा शेजारच्या शेतालाही होते.

कोणती काळजी घ्यावी

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी या पिकांविषयी सांगताना पुढील गोष्टींवर भर देणे अगत्याचे आहे.

(१) आधी गिऱ्हाईक, मग लागवड. हॉटेले, भाजीचे व्यापारी किंवा शेतकरी गट यांच्याशी बोलून कोणता भाग, किती व कोणत्या दिवशी हवा हे ठरवावे. आरंभ एखाद्या गुंठ्याने करावा. हा माल नाशवंत असल्याने विक्री ठरली नसता लावलेले एकरभर पीक हे नुकसानच होय.

(२) घरच्या वनस्पतींपासून सुरुवात करावी. गवती चहा, हळद, तुळस, सब्जा व कोथिंबीर यांची लागवड परिचित आहे. कोळिंजन ओलाव्याच्या व सावलीच्या जागी करून पाहावे.

(३) किडीस रोपाच्या वेळीच आवर घालावा. पिवळे चिकट सापळे लावावेत, रोगट पाने गोळा करून नष्ट करावीत व गरजेप्रमाणे ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा. रासायनिक औषध वापरावयाचेच झाल्यास त्याच्या लेबलवर त्या पिकाचे नाव आहे काय हे पाहावे, आणि फवारणी व काढणी यांमध्ये सांगितलेले दिवस पुरे होऊ द्यावेत. कपाशीसाठी आणलेले औषध उरले म्हणून पाल्यावर मारणे हा अपराध समजावा.

(४) काढणी सकाळी करावी. माल उन्हात ठेवू नये. पिण्यायोग्य पाण्याने धुऊन, पाणी निथळू देऊन, सच्छिद्र क्रेटमध्ये भरावा.

(५) फवारणीची तारीख, औषधाचे नाव व काढणीचा दिवस वहीत लिहून ठेवावा. गिऱ्हाइकाने शंका घेतल्यास वहीचे पान हाच शेतकऱ्याचा साक्षीदार ठरतो.

थाई गृहिणी उखळात जे कुटते त्याचे अर्धे काम शेतात आधीच झालेले असते. कंद योग्य वयात निघाला, शेंडे तुऱ्यापूर्वी खुडले गेले, मूळ न तुटता उपटले गेले व पाला स्वच्छ पोहोचला, तर कालवणाला स्वाद येतो. यांतील एक जरी गोष्ट चुकली तर कोणत्याही स्वयंपाकिणीला ती मागाहून भरून काढता येत नाही. आपल्या परसातील गवती चहाचे बेट पुढच्या वेळी कापताना शेतकरी बंधूंनी खालचे पांढरे खोडही एकदा चुरगळून त्याचा वास घ्यावा. घरच्या झाडाचा कोणता भाग आजवर वाया जात होता, हे त्यावरून सहज कळून येईल.